सापडलेल्या यादीवरून माणूस ओळखता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुकानाच्या ट्रॉलीत, बसच्या सीटवर, पार्किंगमध्ये पडलेल्या सामानाच्या याद्या तुम्ही दोन वर्षं गोळा करताय. साठेक झाल्या आहेत. आता प्रत्येक यादीखाली ती लिहिणाऱ्याचं छोटंसं व्यक्तिचित्र लिहायचं मनात आहे, तर यादीवरून माणूस ओळखायचा कसा? नमुना म्हणून एक यादी उतरवून दिलीत आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्षही दिलात: ‘घर एकटीने सांभाळणारी, वजनाची काळजी करणारी, पण मोहापुढे हरणारी बाई.’ त्या यादीकडे शेवटी येते.

घरगुती कागदपत्रं लावणं, त्यांची नोंद करणं हे माझं काम. माणसं जातात, घरं रिकामी होतात, आणि मग आमच्याकडे पेट्या येतात. पत्रं, दाखले, हिशेबाच्या वह्या, आणि त्यांच्या पानांत अडकलेल्या सामानाच्या चिठ्ठ्या. पंचवीस वर्षांत काही हजार तरी हाताखालून गेल्या असतील. मला तुमच्यापेक्षा एक सोय जास्त आहे. पेटी देणारी मुलगी किंवा पुतण्या समोर बसलेला असतो, आणि माझा तर्क चुकला की तो हसतो. तुमच्या याद्यांना हसणारं कुणी नाही. या कामातली सगळ्यात मोठी अडचण मला हीच वाटते, कारण न तपासलेला तर्क चार वेळा सांगितला की आपल्यालाच खरा वाटायला लागतो.

मी कशी चुकले ते आधी सांगते. एका पेटीत एकाच हातच्या अकरा याद्या निघाल्या, साधारण आठवड्याला एक अशा. अकराच्या अकरा याद्यांत शेवटाकडे एक ओळ होती: ‘मोठी सुई’. मी नोंदीत ठोकून दिलं की या घरात जाड कापडाचं शिवणकाम जोरात चालत असणार. मुलीला दाखवलं तर ती पोट धरून हसली. ‘‘अहो, ती सुई कधी आलीच नाही! बाबा दर वेळी विसरायचे. आई शेवटपर्यंत गादीची उसवण सेफ्टी पिनांवर भागवायची.’’ म्हणजे जी वस्तू त्या घरात कायम आहे असं मी लिहिलं होतं, तीच एक वस्तू तिथे कधी नव्हती.

तेव्हापासून मी यादीला ‘हा माणूस कसा आहे’ हे पहिल्यांदा विचारत नाही. यादी ही घरात काय नाही याची नोंद असते, आणि त्यातही काय विसरलं जाईल याची. जे न विसरता येतंच, ते यादीत चढत नाही. एखाद्या घराच्या वर्षभराच्या याद्यांत मीठ दोनदा सापडेल. म्हणून कुणी तिथे अळणी जेवतं असं म्हणणार नाही. दूध दाराशी येत असेल तर दूध यादीत नाही. औषधं दुसरंच कुणी आणत असेल तर औषधं नाहीत. त्यामुळे यादीत काय दिसत नाही यावरून मी काहीही म्हणत नाही, आणि काय वारंवार दिसतं यावरून फार जपून म्हणते.

मग म्हणता काय येतं? बरंच काही. पण ते एका माणसाबद्दल कमी आणि दोन माणसांबद्दल जास्त असतं. माझ्या अनुभवात यादीला विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न एकच: लिहिणारा आणि जाणारा एकच आहे का?

स्वतःसाठी लिहिणारा माणूस ‘साबण’ एवढंच लिहितो. कोणता, केवढा, हे त्याच्या डोक्यात असतं. दुसऱ्याला पाठवायचं असलं की तोच साबण लांबतो: ‘साबण, नेहमीचा, मोठी वडी, २. नसेल तर दुसरा आणू नका.’ या ‘नसेल तर’च्या ओळी मी वेगळ्या खुणेने टिपून ठेवते. त्यांत मागचा अनुभव साठलेला असतो. कधीतरी नेहमीचा मिळाला नाही, दुसरा आला, तो आवडला नाही, त्यावरून चार शब्द झाले असतील. हे सगळं त्या अर्ध्या ओळीत येऊन बसतं.

आपल्या भाषेत तर आणखी एक सोय आहे. ‘आणू नको’ की ‘आणू नका’? ‘आण’, ‘आणा’ की ‘आणशील का’? क्रियापद दिसलं की जाणारा लिहिणाऱ्याच्या नात्यात कुठे बसतो याचा अंदाज येतो. अंदाजच, कारण काही घरांत सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात आणि काही घरांत धाकट्या दिरालाही अहो-जाहो असतं. शिवाय ‘पिवळा नको’ यातला ‘नको’ म्हणजे आज्ञा नव्हे, नुसती नापसंती. तो कुणालाही चालतो, स्वतःलासुद्धा. तरी एखाद्या यादीत ‘आणा’ आणि दुसऱ्या हातच्या ओळीत ‘आण’ असं एकाच कागदावर दिसलं, तर जाणारा एक आणि सांगणारे दोन, हे मी बऱ्यापैकी विश्वासाने लिहिते.

हे आजचं नाही. इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा नावाचं रोमन ठाणं होतं. तिथे १९७३ पासून लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडत आल्या आहेत, इसवी सन १०० च्या आसपासच्या. त्यांतली एक चक्क सामानाची यादी आहे. वीस कोंबड्या, शंभर सफरचंदं, ‘चांगली मिळाली तर’. शंभर किंवा दोनशे अंडी, ‘तिथे वाजवी भावात मिळत असतील तर’. आकडे वाचून मोठं घर होतं एवढं कळतं. पण मला त्या दोन ‘तर’मध्ये जास्त दिसतं. लिहिणारा स्वतः बाजारात जाणार नव्हता. जाणाऱ्याला सफरचंद पारखता येतं आणि भाव कळतो, एवढा विश्वास त्याला होता. आणि तरीही सांगितल्यावाचून राहवलं नाही. एकोणीसशे वर्षं झाली, फोनवरून आपण वेगळं काय सांगतो?

दुसरं उदाहरण मायकेलअँजेलोचं. एका पत्राच्या पाठीवर त्याने जेवणाच्या जिनसा लिहिल्या आहेत, पत्रावर तारीख १८ मार्च १५१८. कागद फ्लॉरेन्सच्या कासा बुओनारोती या संग्रहालयात आहे. प्रत्येक जिनसेसमोर तिचं चित्र: पाव, मासा, सुरई, वाडगा. आणणाऱ्या नोकराला वाचता येत नसावं म्हणून चित्रं काढली, असं मानलं जातं. ते खरं असेल तर ती चित्रं चित्रकाराने हौसेने काढलेली नाहीत, समोरच्याची अडचण ओळखून काढलेली आहेत. आणि पत्राची पाठ वापरली आहे, हेही विसरू नका. यादीसाठी चांगला कागद कुणीच घेत नाही.

कागदाचं निघालंच आहे तर तेच आधी बघा, मजकूर नंतर. यादी कशावर लिहिली आहे? पाकिटाचा कोपरा, कॅलेंडरचं पान, शाळेच्या वहीचं दुरेघी पान, मागच्या खरेदीची पावती. कागद उलटला की बऱ्याचदा पुढच्या बाजूपेक्षा जास्त मिळतं: तारीख, मुलाचं गणित, कुणाचा तरी निरोप. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कागदाच्या कडेला, जवळजवळ आडवी धरा. तिरप्या उजेडात वरच्या पानावर दाबून लिहिलेल्याचे वळ दिसतात. पेन नसताना नखाने ओढलेल्या खुणाही दिसतात. हे मला फार उशिरा कळलं. दुकानात उभ्याने, एका हातात पिशवी असताना माणूस घेतलेल्या वस्तूपुढे अंगठ्याचं नख रुतवतो. साध्या उजेडात तो कागद कोरा वाटतो.

त्यानंतर शाई. एकच पेन की दोन? शेवटच्या दोन ओळी घाईत, समासात, आडव्या कोंबलेल्या आहेत का? यादी एका बैठकीत क्वचितच होते. ती दोन-तीन दिवस फ्रीजच्या दारावर किंवा ओट्याच्या कडेला वाढत असते, आणि येता-जाता घरातला कुणीही तिच्यात भर घालतो. लोक ‘तिची यादी’ म्हणतात, पण मी हाताळलेल्यांत दोन हातांच्या याद्या भरपूर.

क्रमही बघण्यासारखा असतो. काहींचा क्रम घरातून फिरतो: आधी ओटा, मग न्हाणीघर, मग कपडे धुण्याचं. लिहिणारा डोळ्यांपुढे खोल्या आणत असतो. काहींचा क्रम दुकानातून फिरतो, ज्या रांगेत काय ठेवलंय त्याप्रमाणे. असा माणूस त्याच दुकानात वरचेवर जातो, हे मी खात्रीने म्हणते. आणि काहींना क्रमच नसतो. त्याचं मला काही सुचत नाही, सोडून देते.

एक चिठ्ठी मी कधीच विसरणार नाही. तीन बोटं रुंदीची, कॅलेंडरच्या पानाच्या कडेची पट्टी, पेन्सिलीने लिहिलेली. ‘मीठ. सेल छोटे २. दोरी. ते निळं. साबण.’ खाली बॉलपेनने, दुसऱ्या हातात: ‘निळं मिळालं नाही’. ‘ते निळं’ काय होतं? कपड्यांची नीळ, फिनेल, लोकरीचा गुंडा, डोकेदुखीचं मलम, मी दहा तर्क केले. पेटी देणाऱ्या पुतण्यालाही सांगता आलं नाही. पण लिहिणाऱ्याला नाव लिहावंसं वाटलं नाही आणि जाणाऱ्याला विचारावं लागलं नाही. त्या घरात ‘ते निळं’ म्हटलं की पुरत होतं. मी नोंदीत वस्तूचं नाव ‘अज्ञात’ लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘दोघांनाही माहीत’. तुमच्या व्यक्तिचित्रांत मला असलं काही वाचायला आवडेल.

आता स्वभावाकडे. यादीवरून स्वभाव सांगण्याचा मोह किती जुना आणि किती फसवा आहे, याचा एक प्रयोगच झालेला आहे. १९५० साली मेसन हेअर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दोन याद्या केल्या. बटाटे, गाजरं, ब्रेड वगैरे सगळं तेच; फरक फक्त कॉफीचा. एकीत दळलेली कॉफी, दुसरीत झटपट होणारी नेसकॅफे. निम्म्या बायकांना एक यादी दाखवली, निम्म्यांना दुसरी, आणि ही यादी लिहिणारी बाई कशी असेल ते सांगा म्हटलं. नेसकॅफेवाल्या बाईला ४८ टक्के जणींनी आळशी म्हटलं. दुसरीला ४ टक्क्यांनी. दोन्ही बायका अस्तित्वातच नव्हत्या! त्या उत्तरांतून जे कळलं ते वाचणाऱ्यांबद्दल, झटपट कॉफी म्हणजे कामचुकारपणा असं मानणाऱ्या त्या काळाबद्दल. १९७० साली दोघा अभ्यासकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तर तो फरक उरला नव्हता. यादी तीच, वाचणारे बदलले.

म्हणून मी नवीन येणाऱ्या मुलांना एक काम देते. यादीवर तुमचं मत लिहा, मग तेच मत दुसऱ्या कुठल्याही यादीखाली ठेवून बघा. तिथेही चपखल बसलं तर खोडा. ‘काटकसरी, पण कधीकधी स्वतःचे लाड करणारी’ हे वाक्य कुठल्या यादीला लागू पडत नाही? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या चाचणीवरून काढलेलं तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून सगळ्यांना एकच मजकूर वाटला होता, काही वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली. किती जुळतंय यावर पाचापैकी गुण द्या म्हटलं, सरासरी आली ४.२६. असल्या वाक्यांची चव माणसाला फार लवकर लागते, मलाही.

अक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांकडे तर जाऊच नका. दोन मजकूर एकाच हातचे आहेत का हे तपासणं निराळं; ते शिकता येतं आणि कोर्टातही चालतं. उभं अक्षर म्हणजे करारी, कलतं म्हणजे भावुक, याला आधार नाही. शिरोरेषेबद्दल मात्र माझं एक निरीक्षण आहे, फक्त माझ्या पेट्यांपुरतं: स्वतःसाठी लिहिताना लोक ती सर्रास गाळतात, दुसऱ्यासाठी लिहिताना काढतात. पण गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं तरी ती गळते. तेव्हा एवढ्यावर इमला बांधू नका.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा. यादी हा बेत असतो, झालेली खरेदी नव्हे, आणि खाणं तर नव्हेच. ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजी या पुरातत्त्वज्ञाने १९७३ साली लोकांच्या कचऱ्याचा अभ्यास सुरू केला. घरोघरी विचारलं तर लोक दारू जितकी पितो म्हणायचे, त्यापेक्षा बाटल्या कचऱ्यात जास्त निघायच्या. खोटं बोलायचं असं प्रत्येकाच्या मनात नसतं. आपण कसे राहतो याचं आपल्याजवळ एक चित्र असतं आणि यादी त्या चित्राच्या जवळची असते. भाजी यादीत लिहिली जाते आणि बिस्किटं हाताला लागतात. तुमच्याकडे जर पावती आणि यादी एकत्र चुरगळलेली असेल, तर ती जोडी साठातली सगळ्यात मोलाची समजा.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगते. एकाच घरच्या दहा याद्या असतील तर मी बरंच बोलेन. साठ घरांच्या एकेक यादीवर फार थोडं. शिवाय तुम्हाला मिळतात त्या कागदावर लिहिणाऱ्यांच्या आणि कागद पाडणाऱ्यांच्या. फोनवर लिहिणारे, खिशात घालून धुणारे, नीट फाडून टाकणारे तुमच्या संग्रहात येणारच नाहीत. म्हणून ‘लोक असे असतात’ अशी वाक्यं या साठांवरून लिहू नका. घरात किती माणसं हेही सांगायला जाऊ नका. ‘दूध २’ म्हणजे एकाचं आठवड्याचं की पाच जणांचं उद्याचं?

जपण्याचं थोडक्यात. सापडल्या दिवशीच ठिकाण आणि तारीख वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा; यादीवर काही लिहू नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन नको. पावतीच्या पाठीवरच्या याद्यांची आताच स्वच्छ छायाचित्रं काढा, कारण तो कागद उष्णतेवर छापणारा असतो आणि पुढची बाजू काही वर्षांत कोरी होते. लोकांसमोर मांडताना फोन नंबर, नावं, औषधांची नावं झाका. अक्षर ओळखणारं कुणीतरी असतंच. बायको, शेजारी, वर्गातला मुलगा. कुणी यादी टाकली म्हणजे तिच्याखाली ‘मोहापुढे हरणारी’ असं लिहायची परवानगी दिली, असं होत नाही.

आता तुमची यादी: ‘बटाटे, कांदे, दूध २, बल्ब (पिवळा नको), साबण, चॉकलेट (खोडलेलं), आईच्या गोळ्या, चॉकलेट.’

तुम्ही खोडलेल्या चॉकलेटवरून सुरुवात केलीत, मी बल्बवरून करते. ‘पिवळा नको’ म्हणजे मागच्या वेळी पिवळा आला होता, आणि बहुधा आणणारा दुसरा होता. तर ‘एकटीने’ तिथेच डळमळलं. ‘आईच्या गोळ्या’ लिहिणारी व्यक्ती आई नाही, निदान त्या आईच्या जागी नाही. ती मुलगा असेल, मुलगी असेल, सून असेल, किंवा मुलांचा बाप असेल, जो बायकोला मुलांसारखंच आई म्हणतो. बाईच आहे हे तुम्ही कशावरून धरलंत ते मला यादीत दिसत नाही.

राहिलं चॉकलेट. खोडणं म्हणजे नको असं ठरवणं, हा एक अर्थ. घेऊन झालं म्हणून काट मारली, हा दुसरा, आणि याद्यांत हाच जास्त भेटतो. बाकीच्या ओळींवर काट किंवा नखाची खूण आहे का? चॉकलेटवरची काट लिहिलेल्याच पेनाची आहे का, सरळ एका रेघेची आहे की गिरगटलेली? टेबलावर बसून खोडलेली रेघ आणि उभ्याने मारलेली रेघ सारखी नसते. आणि तुम्ही यादी उतरवताना शुद्धलेखन सुधारलंत का? दोन्ही ठिकाणी ‘चॉकलेट’ इतकं नेमकं आहे म्हणून विचारते. मूळ कागदावर खालचं ‘चोकलेट’ असेल, ‘चाकलेट’ असेल, तर माझा तर्क बदलतो: मोठ्या माणसाने खोडलं, आणि कागद फ्रीजवर असताना कमी उंचीच्या कुणीतरी पुन्हा लिहिलं. तसं असेल तर ते कागदाच्या अगदी खालच्या कडेला, हात पोचेल तिथे असेल.

आज कागद पुन्हा काढा, टॉर्च आडवी धरा, आणि दुसऱ्या चॉकलेटमधला ‘च’ पहिल्यासारखाच आहे का तेवढं बघून सांगा. मागच्या बाजूला काय आहे तेही.